शनिवारच्या रश्शाचं नाव

रविवार, २२ फेब्रुवारी १५४०. सानलुकार, स्पेन.

आज मिस्सा झाल्यावर चर्चची दारं आतून लावून घेतली. सेव्हिलहून आलेला एक काटकुळा पाद्री वर चढला आणि त्यानं धर्मचौकशीचं फर्मान वाचायला घेतलं. कुणाच्या घरात धर्माविरुद्ध काही चालतं असं ज्याला ठाऊक असेल, त्यानं मुदतीच्या आत येऊन सांगायचं. मग तो सख्खा भाऊ असो की बाप. जो गप्प बसेल तोही तितकाच पापी, त्याला चर्चचे दरवाजे बंद.

मला वाटलं, आता आम्हा इंग्रजांची पाळी. आमचा राजा पोपशी भांडून स्वतःच धर्माचा धनी होऊन बसल्यापासून इथली शेंबडी पोरंसुद्धा मला बघून 'लुथेरावाली, लुथेरावाली' असं ओरडतात. ब्रिस्टलहून लग्न होऊन आले त्याला दहा वर्षं उलटून गेली. नवरा इथला, जपमाळ रोजची, मला हाकही इथल्यासारखी 'इनेस' म्हणूनच मारतात, तरी मी आपली इंग्रजीणच. पोपविरुद्ध उठलेल्या त्या जर्मन लुथेराबद्दल वाचून झालंच. मी मान खाली घालून बसले होते.

मग यहुद्यांचं सुरू झालं. म्हणजे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले, पण घरात गुपचूप जुना धर्म पाळणारे. ते कसे ओळखायचे याच्या खुणा तो एकेक करून सांगत होता. शुक्रवारी अंथरुणावर धुतलेली चादर घालतात. मांसाची चरबी सोलून टाकतात. शनिवारी चूल पेटवत नाहीत, त्यांच्या धुराड्यातून धूर येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी हंडा निखाऱ्यांवर झाकून ठेवतात आणि शनिवारी तोच रस्सा खातात.

हे ऐकून मी सासूबाईंना कोपरानं ढोसलं आणि हसले. देवा, मी हसले! 'आई, हे तर आपल्याच घरचं' असं कानात सांगणारही होते. त्या वेदीकडे बघत होत्या, माझ्याकडे वळल्याच नाहीत.

घरी येईपर्यंत माझं हसू कुठल्या कुठे गेलं. आमच्या घरचा हंडा रांधतं कोण? मीच. आणि परकी कोण? तीही मीच.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

डोळ्याला डोळा नाही. गास्पार, माझा नवरा, जहाजावरून पश्चिमेच्या नव्या मुलखात गेला आहे, तो कधी परतेल ते समुद्राला ठाऊक. घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई, गियोमारबाई. त्यांना मी हे भय सांगितलं तर म्हणाल्या, 'लसूण सोल.' बस, एवढंच.

मी इथे आले तेव्हा इथली भाषा मला ओ की ठो येत नव्हती. जी आली ती याच स्वयंपाकघरात, यांच्याच शेजारी बसून. आमच्या ब्रिस्टलला चुलीवर जे काही दाट शिजतं त्याला पॉटेज म्हणतात. पहिल्याच दिवशी मी हंड्याकडे बोट दाखवून 'पॉटेज' म्हटलं, तर सासूबाई ओरडल्याच, 'पोताखे! अगं, आम्ही पोताखे म्हणतो!' दूरच्या भाऊबंदांची ओळख पटावी तशा आम्ही दोघी हसलो. मग तो खेळच झाला. भाजी-कडधान्याचं ते पोताखे. मांस, हाडं, चरबी सगळं एकत्र घातलं की ओया. पातळ ते काल्दो. त्याला मी ब्रॉथ म्हणायचे. मी त्यांना हॉचपॉच शिकवलं, म्हणजे हाताला लागेल ते एका हंड्यात कोंबून शिजवायचं. त्यांना म्हणता येईना, त्या 'ओचापोचा' म्हणायच्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या.

एका रश्शाला मात्र नाव नव्हतं. हरभरे, कांदे, हिरवी भाजी. उपवासकाळ नसेल तर मेंढीचं मांस आणि कवचासकट अंडी. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत झाकण कणकेनं लिंपायचं, निखाऱ्यांवर राख ओढायची आणि शनिवारी दुपारपर्यंत हंड्याला हात लावायचा नाही. नाव विचारलं तर सासूबाई म्हणाल्या होत्या, 'ते आपलं शनिवारचं.' त्यात डुकराचं मांस नसतं, कारण त्यांच्या पोटाला ते सोसत नाही. शनिवारी चूल बंद, कारण तो मरियामातेचा वार. कामवालीलाही त्या दिवशी सुट्टी. एवढ्या भाविक बाईच्या घरात मला भ्यायचं काय कारण? पण मी भ्यायले आहे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

आज मी बाजी मारली!

पाव भाजायला भट्टीवर गेले होते. आळीतल्या सगळ्या बायका होत्या. आमच्या भिंतीपलीकडची ब्रियांदा माझी सगळ्यात जवळची. तिच्या चार बाळंतपणांत पेज मीच नेऊन दिली. तीच मोठ्यानं म्हणाली, 'काय गं इंग्रजीणबाई, तुमच्या धुराड्याला शनिवारी सुट्टी असते म्हणे?'

ती थट्टाच करत होती, पण सगळ्या हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. म्हटलं, इथे गप्प बसले तर मेले. मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. 'माझ्यावर कशाला घसरता गं? तो रस्सा आमच्या मुलखाचा नाहीच. अस्सल इथला आहे. सासूबाईंनी मला शिकवला, त्यांना त्यांच्या आईनं, तिला तिच्या आईनं. टोलेडोच्या जुन्या घराण्यातला आहे तो. तुमच्या हंड्यांपेक्षा जुना!'

ब्रियांदानं आपले पाव फडक्यात गुंडाळले. अर्धे कच्चेच होते. 'येते हं,' म्हणाली आणि माझ्याकडे न बघता गेली. कशी जिरवली सगळ्यांची!

घरी येऊन मी सासूबाईंना हे रंगवून सांगितलं. त्या हरभरे निवडत बसल्या होत्या.

'कुणाकुणासमोर म्हणालीस?'

'सगळ्यांसमोर! एकीची बोलायची टाप झाली नाही.'

'टोलेडोचं नाव घेतलंस?'

'घेतलं की.'

'आणि माझ्या आईचं?'

'तुमच्या आईच्या आईचंसुद्धा!'

त्यांच्या हातातलं सूप कलंडलं. हरभरे सगळ्या घरभर झाले. मी गोळा करायला वाकले तर म्हणाल्या, 'राहू दे. बरं केलंस. तुला काय ठाऊक?' ओठ पांढरेफटक पडले होते. पोटात दुखतंय का विचारलं, तर हो म्हणाल्या. मी बडीशेपेचा काढा करून दिला.

शनिवार, २८ फेब्रुवारी

काल सासूबाईंनी मला हंडा ठेवू दिला नाही. 'उद्या ताजं करू' म्हणाल्या. शुक्रवारची चादरही बदलू दिली नाही.

आज सकाळी मी उठले तर घरभर धूर. सासूबाई चुलीशी बसून ओली लाकडं कोंबत होत्या. फुंकणीनं फुंकताहेत, खोकताहेत, डोळ्यांतून धारा लागलेल्या. मी म्हटलं, 'अहो, सुकी लाकडं आहेत की मागे!' तर म्हणाल्या, 'थंडी वाजतेय.' कपाळावरून घाम ओघळत होता. उठून अंगणात गेल्या, धुराड्याकडे बघितलं आणि परत येऊन आणखी ओलं लाकूड घातलं. दिवसभर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटते. या वयात ताप चढला तर मी एकटी काय करू?

मंगळवार, २ मार्च

मागच्या आळीतल्या रंगाऱ्याच्या विधवेला धर्मचौकशीवाल्यांनी भरदिवसा नेलं. तिच्या हातात अर्धवट विणलेला मोजा होता, तो तसाच. दाराला लाखेची मोहर लावली. तिची पोर शेजारच्या ओट्यावर उभी होती. तिला आत घ्यायला कुणी पुढे झालं नाही, मीही नाही. ते सारखं डोळ्यांसमोर येतंय आणि माझी मलाच शरम वाटते.

परत येताना ब्रियांदा तिच्या अंगणात दिसली. मला बघून आत पळायला लागली. मी भिंतीवरून वाकून हाक मारली, 'ब्रियांदा, काय झालं गं? मी काय वाकडं केलं तुझं?'

तिनं तोंडाला ओढणी लावली. 'मला विचारू नकोस इनेस. चार पोरं आहेत मला. मुदत संपत आली होती. मी सांगितलं नसतं तर भट्टीवरच्या दुसऱ्या कुणी सांगितलंच असतं, आणि मग मी का गप्प बसले म्हणून मला धरलं असतं.'

'तू माझ्यावर सांगितलंस? माझ्यावर? त्या एका रश्शापायी?'

'तुझ्यावर नाही गं बाई,' ती म्हणाली आणि रडत आत गेली.

बुधवार, ३ मार्च

तुझ्यावर नाही.

मग कुणावर? घरात आम्ही दोघीच.

दिवसभर मी चुलीसमोर बसून होते. शुक्रवारची धुतलेली चादर इतकी वर्षं मीच घातली. मांसाची चरबी मीच सोलली, त्या शेजारी बसून दाखवायच्या तशी. 'अशी नाही, अशी. शीर पण काढ.' मला वाटायचं, किती नेटकी बाई! मला वाटायचं, माझं केवढं भाग्य, जावेचा जाच नाही, सासूचा त्रास नाही.

आणि भट्टीवर भर बाजारात मी काय करून आले? कंबरेवर हात ठेवून!

मला जे कळलंय ते मी इथे लिहिणार नाही. इथे तरी मला काहीच कळलेलं नाही.

शुक्रवार, ५ मार्च

बोलावणं आलं. दारावर थाप पडली तेव्हा सासूबाईंनी हातातला किल्ल्यांचा जुडगा माझ्या मांडीवर टाकला आणि उठून उभ्या राहिल्या. त्यांनी कोठडीतल्या थंडीच्या तयारीनं जाड मोजे घातले होते, कधीपासून घालून बसल्या होत्या कोण जाणे. धर्मचौकशीवाले ज्या मठात उतरलेत तिथला माणूस म्हणाला, 'म्हातारीला नाही. सुनेला. सोमवारी.'

तो गेल्यावर त्या पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, 'तुला साक्षीला बोलावलंय. क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतील. जे खरं असेल ते सांग.'

'आई...'

'ऐक. शपथ मोडली तर तुमच्या धर्मात...' त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, 'आपल्या धर्मात ते मोठं पाप आहे. तू तरुण आहेस. माझं काय, पिकलं पान. तू खरं सांग, गास्पार आला की त्याला सांभाळ.'

देवाला मी मनापासून भिते. नरकात काय करतात ते चर्चच्या भिंतीवर रंगवलेलं आहे, लहानपणापासून त्याची स्वप्नं पडून मी किंचाळत उठते. हे कुणाला सांगू? ज्यांना सांगावं त्याच समोर मोजे घालून बसलेल्या.

सोमवार, ८ मार्च

जिवंत परत आले.

मठातली वरची खोली. अधिकारी जाडजूड, सर्दीनं बेजार, सारखं नाक शिंकरत होता. शेजारी एक कारकून. मी मनात धरून गेले होते की आपण सैतानासमोर उभं राहणार, आणि हा तर आमच्या मासळीवाल्यासारखा दिसत होता. त्यानं भीती आणखीच वाढली. क्रुसावर हात ठेवला तर हाताला घाम, लाकूड ओलं झालं.

'का बोलावलं, ठाऊक आहे?'

'नाही, महाराज.'

'तुमच्या घरी शनिवारी काय खातात?'

'रस्सा.'

'कुणी शिकवला?'

खिडकीतून बंदर दिसत होतं. जे खरं असेल ते सांग, असं त्या म्हणाल्या होत्या. तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार ते माझं मलाच माहीत नव्हतं. 'आईनं,' मी म्हणाले.

'नवऱ्याच्या?'

'माझ्या. ब्रिस्टलच्या.'

त्यानं रुमाल खाली ठेवला. 'बाई, तू भट्टीवर चारचौघींत उलटं बोललीस. सासूनं शिकवला म्हणालीस. सासूच्या आईचं नाव घेतलंस.'

'बोलले, महाराज. खोटं बोलले. आमच्या राजानं तोंड काळं केल्यापासून इथे इंग्रज म्हणवून घ्यायची लाज वाटते. पोरं चिडवतात. इंग्रजी रस्सा करते म्हटलं असतं तर बायकांनी मला भट्टीवर उभं केलं नसतं. म्हणून सासरच्या जुन्या घराण्याची बढाई मारली. म्हातारीला यातलं काही ठाऊकसुद्धा नाही. मी वाढते ते ती खाते.'

'नाव काय त्या पदार्थाचं?'

'हॉचपॉच.'

कारकुनाची लेखणी अडली. 'काय?'

'हॉचपॉच.'

त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. अधिकारी चिडला. 'म्हणजे काय?'

'म्हणजे हाताला लागेल ते. तुम्ही पोताखे म्हणता ना, त्याची आमच्याकडची गावंढळ बहीण. आमच्याकडे थंडी मेली इतकी पडते, महाराज, की विस्तव कधी विझवतच नाहीत. हंडाही उतरवत नाहीत. आजचं संपत आलं की त्यातच उद्याचं ओततात.' हे खरं होतं, आणि खरं बोलताना मला रडू आलं.

'मग शनिवारच कशाला?'

मेले, असं वाटलं. 'शनिवारी कामवाली नसते. आणि मी मुलखाची आळशी आहे.'

कारकून फिसकन हसला. अधिकारी हसला नाही. 'कामवालीला सुट्टी कुणी दिली?'

'मीच. मरियामातेचा वार म्हणून.'

'आणि डुकराचं मांस?'

'येताना जहाजावर नासकं खारवलेलं डुक्कर खाल्लं, महाराज. सगळा प्रवास ओकत आले. तेव्हापासून वास आला तरी पोटात ढवळतं. माझ्यामुळे बिचाऱ्या सासूलाही मिळत नाही.'

एका शपथेवर किती खोटं बोलले! एकेक खोटं तोंडातून बाहेर पडताना भिंतीवरची ती ज्वाळांची चित्रं डोळ्यांपुढे येत होती. शेवटी त्यानं विचारलं, 'असा रस्सा इंग्लंडात करतात, हे सांगणारा दुसरा कुणी आहे?' बंदराजवळच्या आम्हा इंग्रजांच्या छोट्या चर्चमधल्या फादर ह्यूंचं नाव मी घेतलं. दुसरं कुणाचं घेणार? ते म्हातारे आहेत, कानानं अधू आहेत आणि दुपारनंतर दारूच्या नशेतच असतात. त्यांना धड काही आठवलं नाही तर आम्ही दोघी संपलो.

इथलं काही बाहेर बोलायचं नाही, अशीही शपथ घातली. घरी आले तर सासूबाईंनी काही विचारलं नाही. पाण्याचं भांडं तेवढं पुढे केलं.

गुरुवार, ११ मार्च

फादर ह्यू काठी टेकत स्वतःच घरी आले. सासूबाई आत होत्या. ते बाकावर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, 'मला शपथ घातली आहे. तेव्हा मी तुला काही सांगणार नाही.'

'बरं, फादर.'

'एक शब्द नाही. त्या जाड्यानं मला विचारलं, हॉचपॉच माहीत आहे का? मी म्हटलं, अहो, माहीत आहे का काय विचारता! माझ्या आईच्या हातचा खाऊनच मी एवढा झालो. आमच्या डेव्हनला हंडा चुलीवरून उतरतो तो फक्त घरात कुणी मेलं तर. बार्ली, वाटाणे, कांद्याची पात...' त्यांचा आवाज चिरकला. 'किती वर्षांनी कुणी मला बार्लीबद्दल विचारलं गं! मी रडलो. चौकशीवाल्यासमोर ढसाढसा रडलो, लहान पोरासारखा. त्यानं स्वतःचा रुमाल दिला, तोही ओलाच.'

मला हसूही येईना, रडूही येईना.

'मग म्हणाला, डुकराच्या मांसाशिवाय करतात का? मी म्हटलं, गरिबाच्या घरी कुठलं आलंय डुक्कर!' मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे अजिबात प्यायलेल्या माणसाचे नव्हते. 'तुझे वडील ब्रिस्टलचे मोठे कापडवाले ना गं?'

'होते.'

'हं. म्हातारपणी एकेक विसरायला होतं,' ते म्हणाले. जाताना स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला. दारात कुणी नव्हतं.

मंगळवार, १६ मार्च

मठाचा माणूस येऊन सांगून गेला: तूर्त काही नाही. तूर्त! हा शब्द मी दिवसभर जिभेवर घोळवते आहे. शनिवारी सकाळी चूल पेटवायची, हंडा रात्री ठेवायचा नाही, इंग्रजी सवयी सोडायच्या. ईस्टरनंतर अधिकारी महाराज स्वतः एखाद्या दिवशी जेवायला येतील, तेव्हा हंड्यात डुकराचं मांस असावं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तो गेल्यावर म्हणाल्या, 'इंग्रजी सवयी?'

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. बारीक आवाजात म्हणाल्या, 'ओचापोचा,' आणि हसायला गेल्या, पण ते हसू नव्हतं. मी उठून त्यांना धरून बसले.

ब्रियांदानं भिंतीवर अंड्यांची टोपली ठेवली होती. मी ती तशीच राहू दिली. संध्याकाळी आत घेतली. तिच्यावर रागवायचं ठरवलं होतं, पण तिच्या जागी मी असते तर? रंगाऱ्याच्या पोरीला मी तरी कुठे आत घेतलं?

शुक्रवार, १९ मार्च

आज सूर्य मावळताना आम्ही दोघी स्वयंपाकघरात उगीच बसून होतो. हंडा पालथा. त्यांचे ओठ हलत होते. मी पाठ फिरवून भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. आवाज जरा जास्तच केला.

शनिवार, २७ मार्च. ईस्टरच्या आदला दिवस.

आज पापनिवेदन. ईस्टरआधी जो करत नाही त्याचं नाव पाद्री कळवतात, त्यामुळे अख्खं गाव रांगेत. सासूबाई माझ्यापुढे होत्या. त्या आत गेल्या आणि पटकन बाहेर आल्या. चेहरा नेहमीसारखा.

मग मी गुडघे टेकले. जाळीपलीकडे आमचे पाद्रीबाबा, ज्यांना मी इतकी वर्षं काडीन्काडी सांगत आले. आठवड्यापासून माझ्या मनात एकच होतं. क्रुसावर हात ठेवून खोटं बोलले, हे सांगितलं तर ते म्हणणार, आधी मठात जा, खरं काय ते सांग, मग क्षमा. आणि सांगितलं नाही तर हे पापनिवेदनच खोटं, वर उद्या पापी तोंडानं ख्रिस्तप्रसाद घेणं, म्हणजे पापावर पाप. माघारी वाटच नाही. पाद्रीबाबा म्हणाले, 'बोल, मुली.'

मी म्हणाले, कामवालीवर ओरडले. मिस्सेला डुलकी लागली. शेजारणीची अंडी दिवसभर उन्हात ठेवली. नवऱ्याचा राग आला, तो इतका लांब का गेला म्हणून.

'आणखी?'

जाळीतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. भिंतीवरची ती ज्वाळांची चित्रं माझ्या उजव्या हाताला होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

'आणखी काही नाही, बाबा.'

त्यांनी क्षमा दिली. मला ती लागू नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं.

सासूबाई बाहेर पायरीवर थांबल्या होत्या. आम्ही घराकडे चालायला लागलो. आळीत कुणी नव्हतं. त्या समोर बघत म्हणाल्या, 'सगळं सांगितलंस?'

'सांगितलं.' चार पावलं गेल्यावर मी म्हणाले, 'एक सोडून.'

त्या चालायच्या थांबल्या. मला वाटलं होतं, मी धीट आहे, मी रडणार नाही. पण मी तिथेच रस्त्यात रडायला लागले. 'मला फार भीती वाटते, आई. उद्या तो प्रसाद जिभेवर घ्यायचा. माझी जीभ जळाली तर? सगळ्यांसमोर मी तिथेच कोसळले तर?'

'नाही जळत.'

'तुम्हाला काय माहीत?'

त्यांनी माझ्या डोक्यावरची ओढणी नीट केली, गाठ हनुवटीखाली घट्ट बांधली, लहान मुलीची बांधतात तशी.

'पहिल्या वर्षी फार भीती वाटते,' त्या म्हणाल्या.

'आणि मग?'

'मग दुसऱ्या वर्षी वाटते.'